का न्हाई लागलं

रोझी भिंगारदिवेला हॉलंडची जागा मिळाल्याचं कळलं, तेव्हा ती विहिरीच्या तळाशी उभी होती. साडीवर वडिलांचा जुना शर्ट, डोक्याला फडकं, हातात छोटा हातोडा. धामणदरीच्या चर्चमागच्या माळावर दुष्काळी कामातून ही विहीर खोदली जात होती आणि जागा रोझीनंच दाखवलेली होती. आदल्या दिवशीच्या सुरुंगानं फुटलेला दगड ती चाचपून पाहत होती, एवढ्यात वरून हाक आली.

"रोझी, वर ये. तुझं हॉलंडचं झालं."

काठावर पुण्याचे कुलथे सर उभे होते. राधाकृष्ण कुलथे भूशास्त्राचे प्राध्यापक, आणि रोझीनं त्यांच्याच हाताखाली एम.एस्सी. केलं होतं. नगरला सरकारी बैठकीला आलेले असताना कुणाची तरी जीप मागून घेऊन ते पाथर्डी तालुक्यातल्या या आडरस्त्याला लागले होते, कारण ही गोष्ट त्यांना स्वतःच्या तोंडानं सांगायची होती. त्यांच्या शेजारी रोझीचे वडील गिदोन. आयुष्यभर विहिरींत सुरुंग लावून त्यांचा उजवा कान गेलेला होता, आणि सर नेमके त्याच बाजूला उभे होते.

"कशाचं झालं म्हन्ता?" गिदोननी विचारलं.

"हॉलंडचं. शिष्यवृत्ती मिळाली तिला. जमिनीखालच्या पाण्याचा अभ्यास, दीड वर्षाचा."

"कुठं आलं हे?"

"समुद्रापलीकडं. लांब आहे."

गिदोननी मान हलवली आणि विहिरीत वाकून म्हणाले, "पोरी, सर समुद्रापलीकडचं काय तरी सांगत्यात. पन आधी दगडाचं बोल. पुढचा बार कुठं घ्यायचा?"

"उत्तरंच्या अंगाला घ्या, बाबा. तिकडचा दगड वला लागतोय."

मग मलबा वर ओढायच्या पाटीत बसून रोझी वर आली. हात झटकून तिनं सरांना सलाम केला. "नक्की झालं, सर?"

"नक्की. मेअखेर होकार कळवायचा. ऑक्टोबरात अभ्यास सुरू होईल. प्रवास, राहणं, सगळं तेच बघणार आहेत. तुला फक्त ठरवायचंय."

रोझीला त्या 'फक्त'चं हसू आलं. तिच्या घरात तिच्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. गिदोन चौथी शिकलेले, आई बनुबाईला बायबल वाचता येई तेवढंच. पोरीला नगरच्या मिशनच्या बोर्डिंगात ठेवायचं का, कॉलेजात घालायचं का, पुण्याला पाठवायचं का, हे प्रश्न दर दोन-चार वर्षांनी घरात आले होते, आणि विचारायला जावं असं पुढं गेलेलं माणूस वस्तीत एकही नव्हतं. दर वेळी तिघांनी चुलीपुढं बसून आपल्या अकलेनं ठरवलं होतं. आजवर तरी ते चुकलं नव्हतं. त्यामुळं रोझीला या प्रश्नाची भीती वाटली नाही. कुतूहल मात्र वाटलं, की या वेळी घर काय म्हणेल.

घरी बनुबाईनं कोरा चहा केला. दुधाचं नाव काढायची सोय त्या वर्षी नव्हती. गिदोन आपला चांगला कान सरांकडं करून बसले.

"सर, एक विचारू का? त्या हॉलंडात पानी लई कमी हाय का?"

"छे, उलट जास्त. देशाचा मोठा भाग समुद्राच्या पातळीखाली आहे. पाणी बाहेर काढत बसावं लागतं त्यांना."

"मंग ज्यांना पानी नकोसं झालंय, ती मान्सं आमच्या पोरीला पानी हुडकायला शिकवनार?"

सरांना हसू आलं. रोझीच बोलली. "बाबा, पानी जास्त असू दे न्हाई तर कमी. जमिनीखाली ते कुठून कुठं जातं, हे दिसत कुनालाच न्हाई. त्यांनी ते बघायची रीत बसवलीय. जमिनीत वीज सोडत्यात. ती किती अडती त्यावरनं खाली कसला दगड हाय, वला का कोरडा, ते वळखत्यात."

"वीज सोडून?"

"व्हय. न खोदता."

गिदोननी कप खाली ठेवला. "मंग आमचा धंदा बसला म्हना," असं ते गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, तेव्हा बनुबाईला हसू आवरेना.

सर जाताना रोझीला म्हणाले, "घाई करू नकोस. पण उशीरही करू नकोस." जीप धुरळ्यात दिसेनाशी झाली आणि रोझी परत विहिरीकडं गेली.

ती जागा रोझीनं उगीच निवडलेली नव्हती. धामणदरीच्या माळावर काळ्या दगडाची एक लांबलचक कड जमिनीतून वर आलेली दिसायची. गुराख्यांची पोरं तिच्यावर बसत. रोझीनं ओळखलं होतं की ती नुसती कड नाही. ती खोल गेलेली, जमिनीत उभी असलेली भिंत आहे, आणि डोंगराकडून खालच्या खाली झिरपत येणारं पाणी तिच्या मागं अडत असणार. अडचण एकच होती. भिंतीमागची ती जागा ख्रिस्ती वस्तीला लागून होती.

सरपंच गहिनीनाथ आण्णांनी तेव्हा तिला चावडीवर बोलावून विचारलं होतं, "जागा दुसरीकडं न्हाई का निघायची?"

"निघंल की, आण्णा. पानी निघायचं न्हाई."

"अगं, गावातल्या बायांना तुमच्या वस्तीवर यावं लागंल पान्याला."

"येऊ द्या की. आमी कुनाला लांब उभं करनार न्हाई."

आण्णांनी मान खाली घातली. रोझीची आजी गावच्या विहिरीपासून दूर हंडा ठेवून उभी राहायची, कुणाला दया येईल तेव्हा वरून पाणी ओतलं जायचं, हे त्यांनी स्वतः लहानपणी पाहिलेलं होतं. मग ते म्हणाले, "घ्या तिथंच."

सर येऊन गेल्यावर उत्तरेच्या अंगाला बार घेतला आणि तिसऱ्या दिवशी पाणी लागलं. आधी दगडाच्या सांध्यातून बोटाएवढी धार आली, संध्याकाळपर्यंत तळ भरला, आणि दुसऱ्या दिवशी खोदणारे कमरेएवढ्या पाण्यात उभे होते. गिदोन काठावर बसून नुसते बघत होते. त्यांनी उभ्या जन्मात कितीतरी विहिरी फोडल्या होत्या, पण आपल्या पोरीनं बोट दाखवलेली ही पहिली.

गावातल्या बाया हंडे घेऊन आल्या आणि माळाच्या कडेलाच घुटमळल्या. कुठवर यावं, कुणाच्या आधी यावं, कुणालाच कळेना. बनुबाईनं पोहरा हातात घेतला. "या की. थांबला का?" ती म्हणाली. मग एक पुढं झाली, तिच्यामागून दुसरी, आणि सकाळ चढेपर्यंत तिथं नेहमीची पाणवठ्याची भांडणं सुरू झाली.

त्यानंतर रोझीच्या दारात बैलगाड्या यायला लागल्या. आसपासच्या गावांना आजवर एकच पाणाडी माहीत होता, पुंजाराम. हातात कडुलिंबाची बेचकी फांदी धरून तो रानातून फिरायचा आणि फांदी जिथं खाली झुकेल तिथं खुंटी मारायचा. आता लोक 'दगडवाल्या बाई'ला विचारायला येऊ लागले. एका गावानं तर सनईवाला पाठवला. रोझीनं त्याला परत धाडलं, पण मनातून तिला बरं वाटलं.

नगरला भूजल खात्यात ती सध्या हंगामी कामावर होती. तिथल्या साहेबांच्या कानावरही धामणदरीची विहीर गेली. "पावसाळ्याच्या तोंडाला कायम जागा भरायच्या आहेत," ते म्हणाले. "तुम्ही इथं असलात तर तुमचं नाव पहिलं. परदेशी गेलात तर मला कुणालातरी घ्यावं लागेल. काम थांबवता येत नाही."

रोझीनं मनातल्या मनात हॉलंडला नकार देऊन टाकला. चोहीकडं दुष्काळ पडलेला, माणसं सरकारी सुकडीवर दिवस काढतायत, खडी फोडतायत, आणि पाण्याची जागा दाखवता येणाऱ्या माणसानं विमानात बसायचं, हे तिला पटेना. आणखी एक गोष्ट होती. लोकांनी गाडी घेऊन यावं, सरपंचांनी खुर्ची पुढं करावी, आपण दगडाचा तुकडा उचलून दोन शब्द बोलावेत आणि पन्नास माणसांनी कान टवकारावेत, हे तिला आवडायला लागलं होतं. सरांना नकार कळवायचा तेवढा राहिला होता. वाघदऱ्याचं काम उरकलं की कळवू, असं तिनं ठरवलं.

वाघदरा धामणदरीपासून तासा-दीड तासाच्या चालीवर होता. तिथंही रोझीला तशीच काळ्या दगडाची कड दिसली होती, तसाच उतार, मागं तसाच डोंगर. "इथं घ्या. पानी लागंल," ती ठामपणे म्हणाली होती. गिदोननीच सुरुंग लावले. सगळं गाव कामाला होतं. पुरुष फोडत होते, बाया मलबा डोक्यावर वाहत होत्या. एप्रिल गेला, मे निम्मा सरला. मुरूम गेला, कातळ गेला, पुन्हा कातळ लागला. दगड हाताला गरम लागायचा आणि फुटला की आतून राखेसारखा कोरडा निघायचा. एका दुपारी गिदोन वर आले, पहार जमिनीवर ठेवली आणि रोझीला म्हणाले, "आता खाली काय न्हाई."

काठावर गाव जमलं होतं. रोझी त्यांच्यापुढं उभी राहिली. शिव्या खायची तिची तयारी होती, पण शिवी कुणी दिली नाही. एक म्हातारा म्हणाला, "आमचंच नशीब. बाईचा काय दोष." बाकीच्यांनी माना हलवल्या आणि टोपली-फावडी गोळा करायला लागले.

साळूबाई मात्र जागची हलली नाही. चाळिशीची बाई, डोक्याला चुंबळ तशीच, पायाला चिंध्या बांधलेल्या. खोदाई सुरू झाल्यापासून ती एकही दिवस घरी बसलेली नव्हती. तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"का न्हाई लागलं?"

रोझीनं विहिरीत वाकून पाहिलं.

"तुमच्यात लागलं. इथंबी तसलाच दगड हाय म्हनलीस. मंग का न्हाई लागलं? तू शिकल्याली हाईस म्हनून इचारते."

"ठाऊक न्हाई, मावशी," रोझी म्हणाली.

साळूबाईनं थोडा वेळ वाट पाहिली, आणखी काही येईल म्हणून. मग डोक्यावरची चुंबळ काढली, झटकली आणि घराकडं गेली.

परत येताना गिदोन म्हणाले, "माझ्या हातनं कैक कोरड्या गेल्यात. मनाला लावून घिऊ नगं." नशिबाचं बोलणाऱ्या म्हाताऱ्याचं रोझीला काही वाटलं नव्हतं. साळूबाईचा प्रश्न मात्र डोक्यातून जाईना, कारण तो बरोबर होता आणि त्याला उत्तर असणार होतं. ते उत्तर रोझीजवळ नव्हतं, एवढंच.

दोन दिवसांनी ती पुंजारामकडं गेली. म्हातारा दारातल्या बाजेवर बसला होता. वाघदऱ्याची बातमी त्याच्यापर्यंत पोचलेली होती आणि ती ऐकून त्याला अगदीच वाईट वाटलेलं नसावं.

"ये बाई. वाघदऱ्यात न्हाई लागलं म्हनं."

"न्हाई लागलं. मामा, तुमचं चुकतं तवा तुमी काय करता?"

"माझं चुकत न्हाई," पुंजाराम म्हणाला. "लागलं तर माझं. न्हाई लागलं तर ज्याची इहीर त्याच्या नशिबाचं."

"पन का न्हाई लागलं, ते बघावं असं कधी वाटलं न्हाई?"

पुंजारामनं तिच्याकडं नीट बघितलं. "बघायचं कसं? जमिनीच्या आत कोन जाऊन आलंय?" मग तो जरा पुढं सरकला आणि धंद्यातल्या जुन्या माणसानं नव्याला सांगावं तसं मायेनं सांगू लागला. "तुझं बस्तान आता बसलंय. हिकडं दोन लागल्या, तिकडं एक कोरडी गेली, तरी चालतं. लोक कोरडीचं नाव काढत न्हाईत. फक्त जागा दावायच्या आधी नारळ घेत जा. त्यानं मान राहतो."

रोझीनं त्याचा निरोप घेतला. माळावरून चालताना तिला समोर स्पष्ट दिसलं की आपण इथंच राहिलो तर काय होईल. नोकरी कायम होईल, गाड्या येत राहतील, धामणदरीची विहीर लोकांच्या तोंडी राहील आणि वाघदऱ्याची विसरली जाईल. वीस वर्षांनी आपणही अशाच एका बाजेवर बसलेलो असू, फांदीऐवजी हातात पदवी धरून. धामणदरीला आपण बरोबर होतो का नशीबवान होतो, हेसुद्धा आपल्याला कधी कळायचं नाही. ती घाबरली मात्र नाही. उलट खूप दिवसांनी तिला एकदम हलकं वाटलं. काय माहीत नाही ते नेमकं कळलं होतं, आणि ते कुठं शिकायला मिळेल तेही कळलेलं होतं.

घरी येऊन तिनं भाकरी थापणाऱ्या आईजवळ बसकण मारली. "आई, मी हॉलंडला जानार."

बनुबाईनं तव्यावरची भाकरी उलटली. "मला वाटलंच हुतं, तू लई दिवस गप हुतीस."

गिदोन दाराशी बसून दोराला गाठ मारत होते. चांगला कान आतल्या बाजूलाच होता. "असल्या सालात गाव सोडून जायचं?" ते म्हणाले. "लोकं काय म्हनतील? पानी दावायची येळ आली अन् पोरगी पळाली."

उत्तर बनुबाईनं दिलं. "आपल्या तालुक्यातली निम्मी मान्सं दर साल कोयता घिऊन ऊसतोडीला जात्यात. पोरंबाळं, म्हातारी, गुरं घिऊन जात्यात. त्यांना कुनी पळाली म्हनतं का? पोटासाठी गेलं तर चालतं. डोक्यासाठी गेलं तर का चालू नये?"

"ती सहा म्हयन्यांनी माघारी येत्यात."

"ही दीड वर्सानं यील. तिचा ऊस लांब हाय."

गिदोननी गाठ पुरती केली, दोर ओढून बघितला. "तू सांग," ते रोझीला म्हणाले. "वाघदऱ्याची लाज वाटती म्हनून जातीस का?"

"लाज वाटती, खरं हाय. पन त्यासाठी न्हाई. बाबा, वाघदऱ्यात तुमी किती बार घेतलं? किती दगड फोडला? ते सगळं मी एका बोटावर करायला लावलं. पुढच्या येळी मला ठाऊक पायजे, मी का बोट दावतीय."

गिदोन उठले. त्यांनी दोर खुंटीला अडकवला. "मंग सरांना कळव," ते म्हणाले. "आन थंडीचं काय ते इचारून घे. तिकडं लई थंडी असती म्हनत्यात."

दुसऱ्या दिवशी पाथर्डीच्या पोस्टातून तिनं सरांना तार केली. गावात बातमी पसरायला अर्धा दिवसही लागला नाही. संध्याकाळी गहिनीनाथ आण्णा स्वतः वस्तीवर आले. चर्चच्या ओट्यावर बसले. आणखी तीन गावांचे लोक त्यांच्याकडं खेटे घालत होते आणि त्यांनी रोझीच्या वतीनं शब्द देऊन ठेवला होता.

"दोन वर्सं थांब," ते म्हणाले. "दुष्काळ सरू दे. मंग जा."

"मंग ती जागा दुसऱ्याला गेल्याली असंल, आण्णा."

"तू तिकडंच राहशील. शिकल्याली मान्सं माघारी येत न्हाईत. नगरला गेल्याली येत न्हाईत, तू तर समुद्रापल्याड चाललीस."

रोझीनं थोडा विचार केला. शपथ घेणं सोपं होतं, पण ती तिला घ्यायची नव्हती. "मी आत्ता काय बी सांगितलं तरी तुमी त्याच्यावर इस्वास ठेवायचा का न्हाई हे तुमीच ठरवनार," ती म्हणाली. "पन एक काम मी जायच्या आधी करून जाते. तुमी शब्द दिलेली तिन्ही गावं बघते. फक्त आता 'पानी लागंल' असं म्हननार न्हाई. मला किती खात्री वाटती तेवढंच सांगीन. खोदायचं का न्हाई ते गावानं ठरवायचं."

आण्णांना हे नवीन होतं. "खात्री न्हाई म्हनलं तर लोकं खोदतील का?"

"न्हाई खोदली तर त्यांची हाडं मोडायची वाचतील."

आण्णा हसले नाहीत, पण उठताना त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. हे त्यांनी आधी कधी केलं नव्हतं. पुढं ती परत आली, नगर जिल्ह्यातच नोकरीला लागली आणि तिच्या नव्या यंत्रामागं वायरींची गुंडाळी घेऊन आण्णा स्वतः रानोमाळ फिरले, हे सगळं झालं. पण त्या दिवशी ते कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि आण्णा घरी गेले ते पोरगी गेली असं समजूनच गेले.

जून लागायच्या आत रोझीनं तिन्ही गावं पालथी घातली. पहिल्या गावात ती म्हणाली, "बारा आने खात्री हाय." दुसऱ्यात म्हणाली, "आठ आने." तिसऱ्यात दोन दिवस हिंडून तिनं सांगितलं, "मला इथलं काय कळत न्हाई." पहिल्या गावानं खोदलं आणि पाणी लागलं. दुसऱ्या गावानं रात्रभर खल केला आणि शेवटी खोदलं. तिथं लागलं, पण थोडं. तिसऱ्या गावातले लोक आधी नाराज झाले. मग त्यांच्यातला एक जण म्हणाला की खोटं सांगून खड्डा करायला लावण्यापेक्षा हे बरं, आणि त्यांनी टँकरसाठी पाथर्डीला अर्ज केला.

वाघदऱ्याला ती मुद्दाम एकटी गेली. साळूबाई शेळ्यांना पाला घालत होती. रोझीला बघून तिनं घोंगडी पसरली.

"मावशी, तुमी इचारलं हुतं त्याचं उत्तर अजून माझ्यापाशी न्हाई. ते शिकायला मी लांब चाललीय. तेवढं सांगायला आले."

साळूबाईनं हातातली डहाळी खाली ठेवली. "मला वाटलं, तू परत हिकडं फिरकायची न्हाईस," ती म्हणाली. "ज्याचं चुकतं ते त्या वाटंनं जात न्हाई."

"राग न्हाई ना तुमाला?"

"राग हुता की. चार दिवस लई राग हुता. डोक्याची कातडी गेली माझी." तिनं हसून डोक्यावर हात फिरवला. "पन तू ठाऊक न्हाई म्हनलीस. शिकल्याल्या मान्साच्या तोंडून हे मी पयल्यांदाच ऐकलं." मग शेळीच्या दुधाचा घोटभर चहा झाला. त्यानंतर पाण्याची गोष्ट निघाली नाही. साळूबाईला विमानाची माहिती हवी होती. त्यात झोपता येतं का, बाकीची माणसं कोण असतात आणि बाईमाणसाला एकटं बसवतात का, हे तिनं खोदून खोदून विचारलं. रोझीला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिनं तसं सांगितलं, आणि दोघी हसल्या.

त्या वर्षी पाऊस चांगला झाला. सप्टेंबरात रोझी निघाली तेव्हा माळावर बाजरी कमरेएवढी होती. बनुबाईनं स्वेटर विणायला मिशनच्या बाईंकडून शिकून घेतलं होतं आणि एक बाही दुसरीपेक्षा चार बोटं लांब झाली होती. गिदोन मुंबईपर्यंत सोडायला आले. विमानतळावर ती आत जाईपर्यंत ते चांगला कान तिच्याकडं करून उभे राहिले, हाक मारली तर ऐकू यावी म्हणून.

हॉलंडला पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात तिच्या वर्गाला एका कुरणात नेलं. सुदानचा एक जण होता, इंडोनेशियाचे दोघे, आणि रोझी. नजर पोचेल तिथवर जमीन ताटासारखी सपाट होती. शिकवणाऱ्या उंच गृहस्थांनी माती काढायचं एक लांब लोखंडी गिरमिट रोझीच्या हातात दिलं आणि भोक घ्यायला सांगितलं. तिनं पाय रोवले, दोन्ही हातांनी ते धरलं आणि कातळावर पहार मारावी तसं सगळ्या अंगाचा जोर लावून खाली हाणलं. गिरमिट लोण्यात जावं तसं गेलं आणि रोझी तोल जाऊन गुडघ्यांवर आली.

सगळे हसले. तीही हसली. गिरमिट फिरवून वर काढलं तर राखाडी ओली माती निघाली, एक खडा नाही. तिनं ती बोटांत चोळून बघितली.

"इथं दगड किती खोल लागतो?" तिनं इंग्रजीत विचारलं.

"शेकडो मीटर खाली," ते गृहस्थ म्हणाले. "तुमच्याकडं?"

"पायाखालीच," रोझी म्हणाली. तिनं गुडघ्यांची माती झटकली, गिरमिट पुन्हा नीट धरलं, या वेळी हलक्या हातानं, आणि पुढच्या खुणेकडं चालू लागली.